पाच पत्रे कमी

म्हैस भिंतीपुढं उभी होती तेव्हा रविकिरणरावांच्या फोनमधल्या मोजायच्या अ‍ॅपात भिंत तीन मीटर भरली. म्हैस दोन पावलं सरकली, भिंत अकरा मीटर झाली. म्हशीनं माशी हाकलायला मान फिरवली आणि भिंत चौदावर गेली. रविकिरणरावांनी फोन शर्टाला पुसून पुन्हा डोळ्यासमोर धरला.

"म्हैस जरा बाजूला घेता का?" ते म्हणाले.

"घेऊ की," केवळाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "पण जावईबापू, घर काय म्हशीच्या मर्जीनं लहानमोठं व्हायलंय व्हय?"

रविकिरणराव हे केवळाबाईंचे जावई, शेंडेफळ पुनमचे यजमान. नांदेडला एका कंपनीत संगणकावर काम करणारे, स्वभावानं गरीब, पण फोनवर फार विश्वास. यंदा धोंड्याचा महिना आलेला. पुढच्या रविवारी जावयाला जेवू घालायचा बेत होता आणि दिवस पक्का करायला म्हणून ते दोघं आज रेणापूरला आले होते. आले आणि घराच्या मापात सापडले.

रेणापूरच्या बाहेर, शेताच्या कडेला केवळाबाईंच्या मुलाचं, ग्यानोबाचं विटांचं घर. पुढची बाजू लोक बघतात म्हणून तिला गिलावा झाला, रंग झाला. बाकीच्या तीन बाजूंच्या विटा बारा वर्षं उघड्याच राहिल्या. त्यातली पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाचं माहेर. मृगापासून जो मारा सुरू व्हायचा तो विटा पीत राहायच्या, आणि श्रावणात आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना मिशा फुटायच्या. ग्यानोबानं यंदा मनावर घेतलं. आधी त्यानं लातूरला बघून आलेल्या दगडी फरश्यांचं नाव काढलं होतं. केवळाबाई ताटावरून हात थांबवून एवढंच म्हणाल्या, "भिंतीला दगड चिकटवायलास? आपल्याकडं?" त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सहा महिने त्या लेकरांना घेऊन पत्र्याखाली राहिल्या होत्या. ग्यानोबानं दगडाचं नाव पुन्हा काढलं नाही. पत्रे ठरले. विटकरी रंगाचे, बारा फूट उंच, उभे मारायचे.

आता किती लागतील, हा प्रश्न होता. पत्रे लातूरच्या कारखान्यातून हव्या त्या लांबीचे कापून मिळत. एकदा कापलेला पत्रा कारखाना परत घेत नसे, आणि चार-दोन पत्र्यांसाठी वेगळा टेम्पो धाडायलाही कुरकुर करी. म्हणून आकडा नेमका हवा.

"सोमवारी बसलिंगप्पा येतोय ना टेप घिऊन," सिंधु म्हणाली. सिंधु म्हणजे ग्यानोबाची बायको, या घरात येऊन सव्वीस वर्षं झालेली, आणि बोलायला उशीर करणारी पण बोलली की खिळा मारणारी. "मिस्त्रीला मोजू द्या की, आत्या."

"मिस्त्रीला कशाला? घर माझं, भिंत माझी. जुन्या घराला पांढरी माती किती पाट्या लागती ते कोण सांगत होतं? मी. दिवाळी झाली की सोळा पाट्या. कधी सतरावी लागली न्हाई, कधी पंधरावर भागलं न्हाई."

हे खरं होतं. ते धाब्याचं घर गेलं, त्या दोन हात जाडीच्या भिंती गेल्या, पण सोळा पाट्यांचा आकडा केवळाबाईंच्या डोक्यात अजून ओला होता. मापाचा त्यांना सोसच होता. घरात एक लोखंडी पायली होती, काठाला पितळी कडं असलेली, त्यांच्या सासूच्या सासूपासून आलेली. रास आता काट्यावर मोजली जात असली तरी गिरणीला जाणारी ज्वारी, देवळाचा वाटा, मागायला आलेल्याची ओंजळ, हे सगळं त्याच पायलीनं निघे आणि ती पायली केवळाबाईंच्या हातातच असे. सुनेनं ती धुवायची, पुसायची, जागेवर ठेवायची. भरायची नाही. सव्वीस वर्षं.

"आता तुमच्या गुडघ्याला सोसंना, आत्या," सिंधु म्हणाली. "वाकून वाकून भरताव. पायली तरी द्या आता माझ्याकडं."

"मापाला गुडघा लागत न्हाई."

"आन् घर मोजायला?"

पुनम आईकडं बघू लागली. केवळाबाईंनी पदर खोचला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "घर मी मोजते. आकड्यात एक पत्रा इकडं का तिकडं झाला, तर पायली तुझी. जल्मभर तुझी. मग मी गिरणीला ज्वारी तुझ्याकडून मागून घेईन."

"बघा हं, आत्या. सगळे ऐकायलेत."

"ऐकू दे. म्हैस बी ऐकायली."

बसलिंगप्पाला फोन लागला. तो उदगीरकडचा मिस्त्री, पत्र्याच्या कामात नावाजलेला. तो म्हणाला, "अव्वा, पत्रा साडेतीन फुटी येतो, अर्धा फूट एकावर एक जातो. तीन फुटाला एक पत्रा धरा. खिडक्या-दारं सोडून द्या, त्याच्या वरखाली तुमच्या जुन्या शेडचे तुकडे बसवतो मी."

केवळाबाईंनी तुरीच्या गंजीतून एक सरळ तुराटी उपसली. सिंधुनं शिवणाच्या टेपानं ती नेमकी तीन फुटांवर कापून दिली, जरा जास्तच नेमकी. आता आकडे कुणी लिहायचे, हा प्रश्न होता. ग्यानोबाचं अक्षर ग्यानोबालाही लागत नसे. सिंधु तर शर्तीतच होती.

"जावईबापू लिहितील," केवळाबाई म्हणाल्या. "शिकलेला माणूस हाय."

"मामी, मी मागं येऊन उभा राहतो ना," रविकिरणराव म्हणाले.

"उन्हात? धोंड्याच्या महिन्यात जावयाला उन्हात उभं केलं म्हंजे माझी शोभा. तुम्ही लिंबाखाली बसा. मी मोठ्यानं सांगते, तुम्ही लिहीत चला."

मग लिंबाखाली खुर्ची आली, खुर्चीपुढं टेबलफॅन आला, फॅनपुढं रविकिरणराव आले, आणि मांडीवर फोन. केवळाबाई तुराटी घेऊन घराच्या दक्षिणेला गेल्या.

त्यांची मोजायची रीत सासूनं शिकवलेली. राशीवर बसलं की पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही. एक म्हटलं की धान्य एकटं पडतं. पहिलं माप म्हणजे लाभ. मग दोन, तीन, चार. नवी रास, की पुन्हा लाभापासून. केवळाबाईंनी उभ्या आयुष्यात मोजताना तोंडातून एक काढला नव्हता, मग ती ज्वारी असो, शेण्या असोत की नातवंडं. भिंतीलाही त्यांनी तोच मान दिला. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत एक पट्टा, खिडकी सोडून पुढं दुसरा, आणि प्रत्येक पट्टा लाभापासून.

"लाभ," घरामागून हाक आली. "दोन."

रविकिरणरावांनी लिहिलं, दोन.

"फुडं खिडकी. खिडकी झाली. लाभ."

रविकिरणराव बोट उचलून थांबले. पुढं काही आलं नाही. या पट्ट्यात तुराटी एकदाच बसली होती.

"फुडं पुन्हा खिडकी. लाभ. दोन. तीन."

त्यांनी लिहिलं, तीन.

रविकिरणरावांचा सारा जन्म नांदेडला सरकारी क्वार्टरमध्ये गेलेला. त्यांच्याकडं ज्वारी पिठाच्या रूपातच घरात यायची. रास त्यांनी लांबून, गाडीच्या काचेतून पाहिलेली. म्हाताऱ्या बायका काम सुरू करताना देवाचं नाव घेतात तसं काहीतरी सासूबाई प्रत्येक वेळी घेतायत, असं त्यांना वाटलं आणि त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. "आईंना बघ," ते पुनमला म्हणाले, "प्रत्येक पट्ट्याला आधी लाभ म्हणतात. किती श्रद्धा आहे." पुनम कैरी चिरत होती. तिनं मान डोलावली.

तिन्ही बाजू झाल्या. केवळाबाई घामानं निथळत पुढं आल्या, तुराटी ओट्यावर ठेवली.

"लिहिलं का समदं?"

"शब्दाला शब्द, मामी. बेरीजसुद्धा झाली. एकोणीस."

केवळाबाईंनी त्या वेळी बेरीज केली नव्हती. त्यांना पाणी हवं होतं. आणि जावयानं केलेली बेरीज तपासायची म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी मोजण्यासारखंच. "एकोणीस तर एकोणीस," त्या म्हणाल्या आणि तांब्या तोंडाला लावला. रविकिरणरावांनी यादी ग्यानोबाच्या फोनवर पाठवली आणि दोघं संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेले.

बुधवारी एकोणीस पत्रे आले. गुरुवारी बसलिंगप्पा आला. त्याच्या कमरेला टेप होता, पण तो त्यानं काढला नाही.

"एकदा मोजून घे की बाबा," सिंधु म्हणाली.

"वैनी, माप अव्वाचं, लिहिलं जावयानं. त्याच्यावर मी टेप लावू? उद्या ह्या घरात मला चहा कोण देईल?"

त्यानं दक्षिण बाजू केली, उत्तर बाजू केली. शनिवारी दुपारी पश्चिमेला आला. घर खरंच देखणं दिसायला लागलं होतं. रस्त्यानं जाणारे लोक गाड्या हळू करून बघत. केवळाबाई खाट टाकून कामावर बसलेल्या, दर पत्र्याला समाधानानं पान लावत. पश्चिमेला तीन पत्रे ठोकून झाले आणि बसलिंगप्पा खाली उतरला.

"अव्वा, पत्रे?"

"पत्रे काय?"

"संपले की."

भिंत अर्धीअधिक उघडी होती. नेमकी तीच, जिच्यासाठी एवढा घाट घातला होता. बसलिंगप्पानं आता टेप काढला, कारण आता चहा पिऊन झाला होता. "पाच पत्रे कमी," तो म्हणाला.

ग्यानोबा आला. सिंधु आली, हात पुसत, घाई न करता. तिनं उघडी भिंत बघितली, मग सासूकडं बघितलं.

"माय, चुकलं की गं माप," ग्यानोबा म्हणाला.

"न्हाई."

"आगं भिंत दिसायली समोर."

"भिंत दिसू दे न्हाई तर चांदणं दिसू दे. माप माझं बराबर हाय. दक्षिणेला दोन, लाभ, तीन, लाभ. मागं लाभ, दोन, लाभ, चार. उत्तरेला तीन, लाभ, दोन, तीन. कर बेरीज."

ग्यानोबानं बोटांवर केली. सिंधुनं तोंडात केली. बसलिंगप्पानं विडीच्या पाकिटावर केली. तिघांचीही चोवीस आली.

"मग एकोणीस कुठून आले?" ग्यानोबा म्हणाला.

केवळाबाईंनी हात पुढं केला. "फोन आण. सिंधु, वाच काय लिहिलंय."

सिंधुनं यादी उघडली. "दोन. तीन. दोन. चार. तीन. दोन. तीन."

केवळाबाई ऐकत होत्या. पहिल्या तीन आकड्यांतच त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, जसा हरवलेली शेळी शेजारच्या दावणीला दिसली की उजळतो. सगळे लाभ गायब होते. पाचही.

"लाभ लिहिलेच न्हाईत जावयानं," त्या म्हणाल्या. "बघ. माझी काय चूक? पायली इथंच राहिली."

"हळू बोल," ग्यानोबा म्हणाला. त्यानं उगीच रस्त्याकडं पाहिलं, जणू नांदेडहून कुणी ऐकत होतं. "उद्या धोंडा हाय. दाजी येणार. बत्तीस महिन्यांनी येतंय हे, आन् त्या दिवशी जावयाची चूक काढायची? पुनमला काय वाटंल? एक शब्द काढायचा न्हाई. माप चुकलं म्हणून मोकळं व्हायचं. पाच पत्रे मी आणतो."

"माप चुकलं म्हणू? मी?"

"मग काय जावई चुकला म्हणू?"

असा पेच केवळाबाईंना आयुष्यात पडला नव्हता. बोललं तर जावयाचा मान जातो, गप्प बसलं तर पायली जाते. त्यांनी सिंधुकडं बघितलं. सिंधु फोन पदराला पुसत होती.

"तुला तर कळलंय ना खरं काय ते?" केवळाबाई म्हणाल्या.

"कळलंय की. पण शर्त आकड्याची हुती, आत्या. एक पत्रा इकडं का तिकडं. हितं तर पाच हायेत." मग जरा थांबून, "पायली घासून ठेवू का आज? चिंच लावून?"

"हात लावू नको तिला."

त्या रात्री केवळाबाई जेवल्या, निजल्या. पण अनारशांचं पीठ त्यांनी सकाळी स्वतः घेतलं. कुणाला हात लावू दिला नाही. खसखशीवर थापायचे, तुपात सोडायचे, जाळी पडली की अलगद काढायचे. सिंधु पुरणाचे धोंडे वळत होती. दोघींच्या मध्ये चूल होती आणि चुलीपेक्षा जास्त धग होती.

अकरा वाजता रविकिरणराव आणि पुनम आले. उघडी भिंत पश्चिमेला असल्यामुळं पुढून काहीच कळत नव्हतं, आणि ग्यानोबानं मागच्या दाराला खाट आडवी लावून ठेवली होती. जावयाला पाटावर बसवलं, ओवाळलं, टोपी-टॉवेल झालं, नवे कपडे झाले. पुनमची ओटी भरली. आता वाण द्यायचं. वाणाचे अनारसे तेहेतीस असतात, तीस आणि तीन. चांदीचा मुलामा गेलेलं मोठं ताट रविकिरणरावांपुढं आलं. केवळाबाई गुडघे धरून समोर बसल्या, अनारशांची दुरडी मांडीजवळ ओढली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आकडा चुकायला नको. वाण हाय. मी टाकते, तुम्ही लिहीत चला. फोन हाय ना?"

ग्यानोबा भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. "माय."

"तू धोंडे बघ."

रविकिरणरावांना फार आनंद झाला. सासूबाई आपल्याला पुन्हा लिहायला सांगतायत, हा मोठाच मान होता. त्यांनी फोन काढला, बोट तयार ठेवलं.

केवळाबाईंनी दुरडीतला सगळ्यात जाळीदार अनारसा उचलला आणि ताटाच्या मधोमध ठेवला.

"लाभ," त्या म्हणाल्या. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

रविकिरणराव थांबले. बोट वर, डोळे ताटावर. पंखा फिरत होता. मोठ्या पांढऱ्या ताटात एकच अनारसा.

"पुढं, मामी?"

"फुडं न्हाई. एवढंच समजा. हितं खिडकी आली."

"खिडकी?"

"समजा की. किती लिहिलं तुम्ही?"

"अजून काही लिहिलंच नाही. तुम्ही फक्त लाभ म्हणालात."

"हाव. आन् ताटात किती हायेत?"

रविकिरणरावांनी ताटात बघितलं. मग सासूबाईंकडं बघितलं. मग फोनकडं, आणि तिथून वर बघायला त्यांना बराच वेळ लागला. ग्यानोबा छताचा हुक न्याहाळत होता. पुनमनं ओटीतले गहू मोजायला घेतले. सिंधु मात्र उघडपणे जावयाच्या तोंडाकडं बघत होती, जसं दूध उतू जायच्या आधी बघतात.

"मामी," ते हळू म्हणाले, "लाभ म्हणजे एक का?"

"आमच्याकडं तरी."

"मग त्या दिवशी..." ते उठलेच. खाट ओलांडून मागच्या दारानं बाहेर गेले आणि घराभोवती फिरून एकेक पट्टा मोजू लागले. सगळे आत बसून होते. बाहेर म्हैस एकदा हंबरली.

परत आले तेव्हा त्यांच्या नव्या टोपीला घाम आला होता. "माझ्यामुळं पत्रे कमी पडले," ते म्हणाले. "तुम्ही कुणी बोलला कसं नाही?"

"आम्ही कुठं काय म्हणालो?" केवळाबाई म्हणाल्या. "आमच्यात जावयाची चूक काढत न्हाईत. बसा. अनारसे राहिलेत." आणि दुरडीत हात घालून त्यांनी पुढचा ठेवला. "दोन."

तेहेतीसपर्यंत त्यांचा आवाज चढत गेला. शेवटचा अनारसा त्यांनी तेहेतिसावर शीग म्हणून वर ठेवला. माप म्हटलं की शीग हवी, काठाच्या वर थोडी जास्तीची रास. तो मोजायचा नसतो. मग त्यांनी सुनेकडं असं बघितलं की सिंधुनं धोंड्यांचं पातेलं उगीच पुन्हा झाकलं. पायली शाबूत राहिली होती, जावयाचा मान जावयानंच स्वतःच्या हातानं उतरवून ठेवला होता, आणि कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती.

जाताना रविकिरणराव हट्टाला पेटले. "राहिलेले पत्रे मी पाठवतो. माझी चूक, मी भरून देणार."

"लेकीच्या घरचं घेत नसतो आम्ही," केवळाबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही मला चुकलेला म्हणा."

हे काही केवळाबाईंना म्हणता येईना. गाडीत बसूनच रविकिरणरावांनी कारखान्याला फोन लावला, आणि यादी पुन्हा काढून, चेहरा गंभीर करून, हलक्या आवाजात बराच वेळ काही सांगत राहिले. गाडी गेली.

मंगळवारी टेम्पो आला. बसलिंगप्पानं पत्रे उतरवून घेतले आणि ओट्याखाली येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं पण चहाही हवा होता.

"अव्वा, आपल्याला किती हवे होते?"

"पाच."

"बारा आलेत."

ग्यानोबा धावत गेला. त्यानं मोजले, सिंधुनं मोजले. बाराच. तेच, विटकरी, बारा फुटी, कापून आलेले. कारखाना ते परत घेणार नव्हता.

"बारा कामून?" ग्यानोबा डोकं धरून म्हणाला.

केवळाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते. दक्षिणेचे चार पट्टे, मागचे चार, उत्तरेचे चार. मग त्यांनी डोळे उघडले. जावयानं या वेळी लाभ सोडले नव्हते. जिथं जिथं त्यांनी लाभ म्हटलं होतं, तिथं तिथं एक पत्रा वाढवला होता. दोनमध्ये आधीच असलेल्या लाभालाही आणि चारमध्ये असलेल्यालाही. बारा पट्टे, बारा लाभ.

सिंधुला एवढं बोटावर धरायला वेळ लागला नाही. तिनं तोंडाला पदर लावला, तरी खांदे हलत होते. "आता सांगा दाजींना," ती म्हणाली. "अनारसे करू का परत?"

"हसू नको."

"मी कुठं हसायले? पण एक सांगू का, आत्या? माप तुमचं बराबर. पयल्या दिवसापासून बराबर. पण लिहिणारा कुणी बसवला?"

तेवढ्यात ग्यानोबाचा फोन वाजला. रविकिरणराव होते. ग्यानोबानं घाबरून फोन आईच्या कानाला लावला.

"मामी, पोचले का? पुरले ना आता? या वेळी मी तीनदा तपासलं."

केवळाबाईंनी उघड्या भिंतीकडं बघितलं, शेजारी रचलेल्या बारा पत्र्यांकडं बघितलं, आणि पदर सारखा केला.

"पुरले, जावईबापू," त्या म्हणाल्या. "शिगेनं पुरले."

फोन ठेवल्यावर बसलिंगप्पानं जुळवाजुळव करत उरलेले पत्रे बोटानं मोजायला घेतले. "मोजू नको ते," केवळाबाई त्याला म्हणाल्या. "आहेर हाय. आहेर मोजत न्हाईत. पाच मार भिंतीला, आन् बाकीच्याचा म्हशीला आडोसा कर."

अशा रीतीनं संध्याकाळपर्यंत घराची पश्चिम बाजू झाकली गेली, आणि ज्या म्हशीला फोननं भिंत समजून मोजलं होतं तिलाही भिंत मिळाली, घराच्याच रंगाची. म्हैस त्या भिंतीकडं पाठ करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीची ज्वारी काढायची होती. सिंधुनं पाटी आणली, पोत्याचं तोंड सोडलं, आणि नेहमीसारखी बाजूला सरकून उभी राहिली. केवळाबाई पायली घेऊन आल्या. पोत्यापाशी वाकल्या, अर्ध्यात थांबल्या, गुडघ्याला हात लावला. मग सरळ होऊन त्यांनी पायली सिंधुपुढं धरली.

"घे. भर."

सिंधुनं लगेच हात केला नाही. "म्हंजे पायली माझी झाली का?"

"माझीच हाय," केवळाबाई म्हणाल्या. "हात तुझा. आकडा मी धरते. आता ह्या घरात माप एकाचं आन् लिहिणं दुसऱ्याचं, आसं परक्याला मधी घालून चालायचं न्हाई."

सिंधुनं पायली घेतली. जड होती. सव्वीस वर्षं घासली होती, पण भरलेली कधी उचलली नव्हती. तिनं ती पोत्यात खुपसली, वर शीग येईपर्यंत भरली, तळव्यानं कड सावरली आणि पाटीत ओतली.

"लाभ," ती म्हणाली.

केवळाबाईंनी चुलीतून आणलेला कोळसा हातात धरला होता. मागच्या दाराजवळच्या नव्याकोऱ्या पत्र्यावर त्यांनी वाकून एक ठसठशीत रेघ ओढली.

"म्हंजे एक," त्या म्हणाल्या. "हां, फुडं."